शंभर वर्षं जुन्या ताटलीत कोशिंबीर: जानेवारी ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

२१ जानेवारी, रविवार

ठरवलंय एवढंच की ७ सप्टेंबरला गणपती बसेल तेव्हा दहा माणसांचं जेवण जुन्या जपानी भांड्यांत वाढायचं. शोकेस नको, वापरायची भांडी हवीत. बजेट ४० हजार येन. राहतो ताकात्सुकीला, क्योतो आणि ओसाकाच्या बरोब्बर मध्ये, त्यामुळे दोन्हीकडचे जुने बाजार हाताशी आहेत.

आज क्योतोच्या तोजी देवळाचा बाजार. दर महिन्याच्या २१ तारखेला भरतो, आणि जानेवारीतला वर्षातला पहिला म्हणून गर्दी अशी की ताटली उचलून उलटी करायला कोपर हलवता येईना. पाच नामासु-झारा घेतल्या, ६,००० येन. म्हणजे साधारण १५ सेंटीमीटरच्या खोलगट बश्या, निळ्या-पांढऱ्या. इनबान, म्हणजे छापील नक्षीच्या आहेत, हाताने रंगवलेल्या नाहीत. मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२, नक्षी छापायची टूम निघाली, आधी कागदाच्या साच्यातून आणि मग तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावरून उतरवून. हाताच्या कामापेक्षा खूप स्वस्त पडतात आणि माझ्यासारख्याला तेच परवडतं.

घरी येऊन दिव्याखाली बघितलं तर नक्षीला जोड दिसतो. वेल गोल फिरून येते आणि जिथून निघाली तिथे येऊन भिडतच नाही, अर्धं पान या बाजूला आणि अर्धं त्या बाजूला, शिंप्याने घाईत काठ जोडलेल्या परकरासारखं. एका बशीत तर छापणाऱ्याला कागद पुरला नाही म्हणून त्याने दुसऱ्याच नक्षीचा तुकडा खपवलाय. मला हे फारच आवडलं.

२२ जानेवारी

पहिली चूक. बश्यांच्या बुडाला काळपट मळ होता म्हणून पाचही बश्या गरम पाण्यात ऑक्सिजनवालं ब्लीच टाकून रात्रभर भिजत ठेवल्या. सकाळी बघतो तर एका बशीच्या काठाचा नखाएवढा तुकडा टबच्या तळाशी आणि पाण्यावर रंगाचा पापुद्रा. तो टवका आधीच उडालेला होता, कोणीतरी पुटी भरून वर निळा रंग मारून बेमालूम लपवला होता. याला इथे तोमोनाओशी म्हणतात, म्हणजे दिसू नये अशी दुरुस्ती. दुकानदाराला बोलायची सोय नाही, मी विचारलंच नव्हतं.

यापुढे दुकानातच करायचं ते असं: बशी तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारायची. आपण माठ घेताना वाजवून घेतो तसंच. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी चीर आहे. मग मोबाईलचा टॉर्च मागून लावायचा, हे भांडं पातळ असतं आणि उजेड आरपार येतो, चीर असली तर काळी रेघ दिसते. दुरुस्ती पकडायला छोटा यूव्ही टॉर्च, नवीन गोंद आणि रंग त्यात वेगळे चमकतात. ८०० येनचा टॉर्च आधी घेतला असता तर!

२५ फेब्रुवारी

कितानो तेनमांगू. इथला बाजार दर २५ ला असतो आणि २५ फेब्रुवारीला उमे, म्हणजे जपानी प्लमच्या फुलांचा उत्सव, त्यामुळे परत गर्दी. आज सोबा चोको. थंड सोबा नूडल्स ज्या रसात बुडवून खातात त्याचे छोटे उभे पेले. हातात घेतल्याबरोबर डोक्यात आलं की ही तर आमटीची वाटी आहे. सात घेतले, सगळे वेगवेगळ्या नक्षीचे, ८,००० येन. पाचचा जुळणारा सेट हवा असेल तर किंमत एकदम उडी मारते, सुटे घेतले की स्वस्त. इथे सेट पाचचा, दहाचा, वीसचा. जुन्या मोठ्या घरांत लग्नकार्यासाठी वीस वीस जणांची भांडी लाकडी पेटीत ठेवलेली असायची आणि पेटीवर कधी कधी सालही लिहिलेलं असतं. घर मोडलं की पेटी फुटते आणि भांडी सुटी होऊन बाजारात येतात.

एका पेल्याच्या बुडावर चिनी अक्षरांत मिंग राजवटीतल्या छंगह्वा बादशहाच्या काळाचा शिक्का. मी पाच मिनिटं स्वतःला नशीबवान समजत होतो. हा शिक्का जपानी कुंभार सर्रास मारायचे, चिनी मालाची शान म्हणून. त्यावरून वय कळत नाही, देश पण कळत नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "कोणाच्या घरातली उष्टी भांडी उचलून आणतोस रे?" मी म्हटलं आई, शंभर वर्षांत कितीदा घासली गेली असतील. "ते असू दे. नैवेद्याला मात्र चिनी माती चालणार नाही, आधीच सांगून ठेवते. चिनी मातीत लोणचं." वाद घातला नाही. नैवेद्य पितळी ताटलीत, हे ठरलं.

१७ मार्च

घरबसल्या ऑनलाइन लिलावात ३० सेंटीमीटरची ओझारा, म्हणजे मोठी वाढायची थाळी. हाताने रंगवलेली, ताकोकाराकुसा नक्षी. ऑक्टोपसच्या सोंडांसारखी वेल, सगळीकडे गोल गोल वळणं आणि त्याला चिकटलेले ठिपके. ७,५०० आणि पोस्टाचे १,३००. एवढ्या स्वस्तात मिळाली तेव्हाच कळायला हवं होतं. आली तर काठापासून आत चार सेंटीमीटर चीर, न्यू म्हणतात तिला. फोटोत ती बाजू नव्हतीच, आणि खाली "नो क्लेम नो रिटर्न" लिहिलेलं. गप्प बसलो. पाठीमागे पाच छोटे खरबरीत ठिपके आहेत, ते मात्र दोष नाहीत. भट्टीत एवढी मोठी थाळी मधून खाली बसू नये म्हणून तिच्या बुडाखाली मातीचे टेकू लावायचे, त्यांचे व्रण.

९ एप्रिल, गुढीपाडवा

ही नोंद लिहायला नको वाटतंय पण लिहितो, कारण हे दुसऱ्या कोणी करू नये. ओझारा रात्रभर बाल्कनीलगतच्या थंड कपाटात होती, सकाळी काढली आणि सरळ कढईतला उकळता बटाट्याचा रस्सा तिच्यात ओतला. टक् असा बारीक आवाज. चार सेंटीमीटरची चीर नऊची झाली. आणि जेवण होईपर्यंत चिरेत हळद शिरली, पांढऱ्या थाळीवर पिवळी रेघ, लांबून दिसणारी.

हळदीचं सांगतो. घासून काहीही होत नाही, मी अर्धा तास घासलं. कपड्यांचं ब्लीच वापरायचा मोह झाला होता पण क्लोरीनवालं ब्लीच जुन्या भांड्याच्या चिरेत जाऊन बसलं की पुढे तिथलं ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, सुटतं, म्हणून हात आवरला. शेवटी आईची युक्ती, हळदीचा डाग उन्हात. थाळी ओली करून बाल्कनीत ठेवली, दोन दिवस. रेघ पिवळ्याची फिकट झाली, तिसऱ्या दिवशी जवळपास गेली. पांढऱ्या धोतरावरच्या वरणाच्या डागाला जे लागू तेच याला.

आता नियम असा: थाळी आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवायची, पुसायची, मग वाढायचं, आणि उकळतं काहीही नाही. ग्लेझवर बारीक जाळी पडलेली असेल तर ते कोमट पाणी दुसरंही काम करतं, जाळीत आधीच पाणी भरलेलं असलं की हळद कमी शिरते. चीर असलेली ओझारा यापुढे फक्त कोरड्यासाठी, पुऱ्या, वडे, मोदक.

३० एप्रिल आणि १ मे

गोल्डन वीकच्या सुटीत आरिता. क्यूशूमध्ये सागा प्रांतात आहे, शिन-ओसाकाहून शिनकानसेनने हाकाता आणि तिथून मिदोरी एक्स्प्रेस. येण्याजाण्याचं भाडंच ३५ हजारांच्या वर, म्हणजे भांड्यांचं जवळपास सगळं बजेट. बायको म्हणाली ही सहल धर, खर्चात धरू नको. तसंच करतोय.

मी आणलेलं बहुतेक सगळं ज्याला "इमारी" म्हणतात ते बनायचं या आरितात, आणि जहाजावर चढायचं इमारीच्या बंदरातून, म्हणून नाव बंदराचं. पेणचे गणपती दादर स्टेशनच्या नावाने विकले जावेत तसं. १६१६ च्या सुमारास कोरियातून आलेल्या री साम्पेई नावाच्या कुंभाराला इथल्या इझुमियामा डोंगरात योग्य दगड सापडला अशी परंपरेने सांगतात ती गोष्ट. दगड! आपण चिनी माती म्हणतो पण हे दगड कुटून केलेलं पीठ आहे. डोंगर आता अर्धा कोरून संपलाय, पोखरलेला खड्डा बघायला मिळतो. तोझान देवळाची कमान पण पोर्सिलेनची, १८८८ ची, आणि देवळाच्या पायऱ्यांच्या आडवा चक्क रेल्वेचा रूळ आहे.

२९ एप्रिल ते ५ मे इथे भांड्यांची जत्रा असते, सुमारे चार किलोमीटर रस्ताभर दुकानं. जुनं शोधायला येणाऱ्यांनी लक्षात घ्या, नव्वद टक्के माल नवा असतो. मी पहिला अर्धा दिवस त्यात घालवला. खरा उपयोग झाला तो क्यूशू सिरॅमिक म्युझियमचा, तिथे शिबाता कलेक्शन नावाचा संग्रह आहे, दहा हजारांहून जास्त भांडी, त्यातली मांडलेली काळाप्रमाणे ओळीने लावलेली. ते बघत चालत गेलं की निळा रंग कसा बदलला ते डोळ्यालाच कळतं. आधीचा निळा जरा राखाडी, कुठे गडद कुठे विरलेला, आणि मेजीत युरोपातून कोबाल्ट आलं तसा एकदम भडक, शाळेच्या शाईसारखा. वागेनर नावाचा जर्मन १८७० मध्ये आरितात येऊन हे शिकवून गेला. माझ्या पाचही नामासु-झारा शाईवाल्या.

गल्लीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दहा तेशिओ-झारा, ५०० येनला एक. तळहातात मावणाऱ्या बश्या. तेशिओ म्हणजे हातमीठ, जेवणाऱ्याच्या शेजारी मिठासाठी ठेवायची बशी. ताटात सगळ्यात आधी मीठ वाढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दुकानातल्या बाईंना मी मोडक्या जपानीत सांगितलं की आमच्यात पण मीठ पहिलं आणि डावीकडे चटणी-कोशिंबीर, तर त्यांनी हसून सांगितलं की नामासु म्हणजे मुळा-गाजर व्हिनेगरमध्ये घालून करतात ते. मी तिथेच उभा राहिलो. म्हणजे जानेवारीपासून माझ्याकडे कोशिंबिरीच्या बश्या आहेत आणि मी त्यात चिवडा खातोय.

११ मे

शेजारच्या आजी. १८ जून २०१८ ला इथे भूकंप झाला होता, ६.१ चा, तेव्हा त्यांचं कपाट उघडून सगळं खाली आलं होतं. बाकीचं टाकलं पण सासूबाईंची एक नामासु-झारा दोन तुकड्यांत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. मी भांडी आणतो हे कचरा टाकायला जाताना त्यांच्या कानावर आलं असावं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, तुम्ही भांडी जोडायला शिकताय ना, यावर शिका, बिघडलं तरी चालेल. वर्तमानपत्र पण तेच, जून २०१८ चं. (माझ्या कपाटांना भूकंपाची खिट्टी त्याच संध्याकाळी लावली.)

किंत्सुगीचं, म्हणजे फुटलेली भांडी जोडायच्या जपानी पद्धतीचं किट मागवलं, खऱ्या उरुशीचं (उरुशी म्हणजे झाडाच्या चिकाची जपानी लाख), ९,८०० येन. तर्पेन्टाईन आणि हातमोजे १,१००. झटपट इपॉक्सीवालं किट निम्म्यात येतं पण त्यात जेवायचं नाही.

१८ मे

जोडणी. तुकड्यांच्या कडा हिऱ्याच्या कानशीने किंचित घासून बोथट केल्या, कच्ची उरुशी पातळ लावून पुसून घेतली. मग मैदा पाण्यात मळून त्यात जवळपास तेवढीच उरुशी, च्युइंगमसारखी तार येईपर्यंत. हे मुगी-उरुशी. दोन्ही कडांना लावून थोडं थांबून दाबून जोडलं, टेप मारली, पुस्तकाच्या कपाटावर ठेवलं.

२० मे

मनगटं आणि डाव्या डोळ्याची पापणी सुजली. हातमोजे होते, पण आखूड होते, आणि मी त्याच मोज्याने चष्मा सारला. आईला फोटो पाठवला, तिने न विचारता निदान केलं, "बिब्बा उतलाय तुला." अगदी तसंच आहे. बिब्बा, काजू, आंबा आणि उरुशी, सगळी एकाच कुळातली झाडं. लहानपणी चिपळूणला काजू भाजताना टरफलाचं तेल उडून हात उतला होता, तोच माणूस तीस वर्षांनी पैसे देऊन तेच तेल विकत घेतोय. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं. दोन आठवडे गेले. उरुशी लागली तर आधी स्वयंपाकाच्या तेलाने पुसून काढायची आणि मग साबण, पाण्याने चोळत बसायचं नाही. आणि कोपरापर्यंत मोजे.

८ जून

तीन आठवडे झाले, टेप काढली आणि दोन्ही तुकडे एकमेकांवरून घसरले. मिलिमीटरची पायरी. उरुशी वाळलीच नव्हती. मी समजत होतो की कोरडी हवा चांगली. उलटं आहे. उरुशी वाळत नाही, दमटपणात घट्ट होते, २०-३० अंश आणि ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते. आणि माझ्या खोलीत दिवसभर एसीचा ड्राय मोड. तर्पेन्टाईनने सगळं पुसून पहिल्यापासून.

या वेळी पुठ्ठ्याच्या खोक्यात ओला टॉवेल, आत जाळीवर बशी, २०० येनचा आर्द्रता दाखवणारा काटा. याला मुरो म्हणतात. महिन्याच्या शेवटी इथला पावसाळा सुरू झाला, मग तर टॉवेल ओला करायचीही गरज पडेना. बुरशी सगळ्यांच्या चपलांना आणि आनंद फक्त मला.

२२ जून

ओसाकाचं शितेन्नोजी, तिथला बाजार २१-२२ ला. निशिकिदे वाडगा, लाल हिरवा सोनेरी, ४,५००. भातासाठी घेतला. घरी आल्यावर मॅजिक स्पंजने पुसला आणि स्पंजवर सोनं आलं. अक्षरशः पिवळसर चमक स्पंजवर, आणि वाडग्याच्या काठावर टक्कल. सोनेरी आणि लाल रंग ग्लेझच्या वर असतात, कमी आचेवर नंतर भाजलेले. स्पंज म्हणजे बारीक सँडपेपर आहे हे मला माहीत होतं, तरी केलं.

दुसरं म्हणजे या वरच्या रंगांत जुन्या काळी शिसं असायचं. टेस्टच्या काड्या आणल्या, शिसं असेल तर काडी गुलाबी-लाल होते. मी ती लाल रंगावर घासली. आता काडी लाल झाली ती शिशाने की वाडग्याच्या रंगाने, सांगा! वाद नको म्हणून वाडगा जेवणातून बाद. त्यात सुपारी, खडीसाखर आणि अख्खी फळं. आंबट, चिंच-टोमॅटो-लिंबाचं, फक्त निळ्या-पांढऱ्या सोमेत्सुकेमध्ये, कारण तिथे रंग ग्लेझच्या खाली बंद असतो आणि सगळं एकदमच १३०० अंशांच्या आसपास भाजलेलं.

२१ जुलै, रविवार

परत तोजी, ३६ अंशात. पाच नामासु-झारा ५,५००, तीन चोको ३,३००, चीर नसलेली इनबान ओझारा ६,५००. वाजवून, टॉर्च लावून, उलटी करून. एका दुकानदाराने विचारलं की तुम्ही घेता का नुसत्या वाजवता. सहा परत ठेवल्या, एक घेतली.

घरी टेबलावर ओरखडे. बश्यांच्या बुडाची कडा बिनग्लेझची खरबरीत असते आणि वरची बशी खालच्या बशीचं ग्लेझ पण खाते. पाण्याखाली ८०० नंबरच्या पॉलिशपेपरने कडा हलकी फिरवली. महागड्या भांड्यावर हे कोणी करणार नाही, माझ्या ११०० येनच्या बशीवर चालतं. दोन बश्यांच्या मध्ये जुन्या धोतराचा तुकडा.

१० ऑगस्ट

आजींची बशी. जोड पक्का. मधे गहूभर जागा रिकामी होती ती तोनोको म्हणजे बारीक मातीची पूड आणि उरुशी कालवून भरली, दोन थरांत, एकदम जाड भरली तर आतून ओलीच राहते. मग ओला पॉलिशपेपर, काळी उरुशी, वर गेरूची तांबडी. सोन्याची पूड घेतली नाही, ग्रॅमचा भाव वाचून टॅब बंद केला. पितळेची स्वस्त मिळते पण खायच्या भांड्यावर नको. तांबडी रेघच बरी दिसते, कुंकवाच्या बोटासारखी. महिनाभर वास जाईपर्यंत वापरायची नाही. जानेवारीतल्या टवका गेलेल्या बशीलाही हेच केलं.

७ सप्टेंबर, शनिवार

दहा माणसं. ताटं स्टीलची, घरचीच. नैवेद्य पितळेत. तेशिओत मीठ आणि खोबऱ्याची चटणी, नामासु-झारात काकडीची कोशिंबीर, चोकोत चिंचगुळाची आमटी, नव्या ओझारात भाताची मूद, चिरलेल्या ओझारात मोदक. आमटी चोकोत भारी पण एक अडचण, त्याला काठ उभा असल्यामुळे भात कालवायला वाकडी करून ओतावी लागते, दोघांच्या शर्टवर गेली. पुढच्या वेळी पसरट वाटी बघायची. निळ्या वेलीवर पांढरे मोदक मात्र असे दिसले की पाच मिनिटं कोणी हातच लावेना, सगळे फोटोत.

आजी आल्या होत्या. त्यांची बशी त्यांच्यासमोरच ठेवली, कोशिंबीर घालून. खाऊन झाल्यावर त्यांनी बशी रिकामी करून तांबड्या रेघेवरून बोट फिरवलं आणि विचारलं की यात दही होतं का. रेसिपी लिहून दिली. बशी न्या म्हटलं तर नको म्हणाल्या, इथे वापरात राहील.

हिशोब: भांडी ४७,६००, किट आणि बाकी १०,९००, एकूण ५८,५०० येन, घेतलं तेव्हाच्या भावाने साधारण ३२ हजार रुपये. टॉर्च, टेस्टच्या काड्या आणि डॉक्टर धरले नाहीत.

९ सप्टेंबर

मोदक वाढताना कोणीतरी चिरलेल्या ओझारात वरण सांडलं होतं, मला कोणी सांगितलं नाही. नऊ सेंटीमीटरची रेघ परत पिवळी. ओली करून बाल्कनीत ठेवली आहे, आज ऊन चांगलं होतं, उद्या पाऊस सांगितलाय.